कारलं कुणाला?

शाळेच्या मते माझ्या मुलीला बोलता येत नव्हतं. हे मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आजही करत नाही. तिला शाळेत बोलावंसं वाटत नव्हतं, इतकंच. तिच्या वयाची मी त्या शाळेत असते तर मलाही वाटलं नसतं. ती शाळा आम्ही आता सोडली आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

घरी ती बोलायची. फार नाही, पण बोलायची, आणि सगळ्यात जास्त जेवताना. माझी आई आमच्याकडेच राहते. ती भाकरी कुस्करून ताटलीत घ्यायची, नातीसमोर फतकल मारून बसायची आणि बाजारात माल पुकारावा तशी विचारायची, “भाकरी कुणाला?”

मुलगी छातीवर हात मारून ओरडायची, “मला!”

“लोणी कुणाला?”

“मला!”

“गूळ कुणाला?”

“मला, मला!”

मग आई आवाज खाली आणायची, डोळे बारीक करायची. “आन् कारलं कुणाला?”

“बाबाला!”

घरातले सगळे नावडते जिन्नस माझ्या नवऱ्याच्या वाट्याला जायचे. तो लॅपटॉपमागून हात वर करून म्हणायचा, “मिळालं, मिळालं.” हा खेळ रोज चालायचा आणि खेळता खेळता ताटली रिकामी व्हायची.

आम्ही अंबरपेठला राहतो. नवरा पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादला आलेला. मी इथलीच, चिक्कडपल्लीत वाढलेली. माझे वडील बिदरकडची शेती भावांवर सोडून इथं आले आणि जन्मभर सुलतान बाजारातल्या एका दुकानात कापड मोजत राहिले. त्यामुळे आईच्या मराठीत शेत आहे, सुलतान बाजार आहे आणि शेजारच्या तेलुगू बायकाही आहेत. ती ‘जल्दी ये’ म्हणते, ‘परेशान होऊ नक्को’ म्हणते, आणि फारच चिडली तर ‘छी, पो’ म्हणून मोकळी होते. पुण्याच्या माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर हे ऐकून गोड हसतात. त्या हसण्याचा अर्थ मला चांगला कळतो, पण प्रत्येक भांडण करत बसलं तर स्वयंपाक कधी करायचा?

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत. आईनं ते तंतोतंत पाळलं. लग्नानंतर ती माझ्याकडे यायची तेव्हा पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली असायची. पुढं वडील गेले, मग नात झाली, आणि आई बाटली न घेता आली ती आलीच. पण आपण जावयाच्या घरात राहतो ही गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नाही. टीव्हीचा आवाज वाढवायचा असला तरी ती मला आधी विचारायची, “जावईबापूंना चालंल का गं?” जावईबापूंना सगळं चालत होतं. न चालणारं जे काही होतं ते आईच्या डोक्यात लहानपणीच कुणीतरी पक्कं बसवून ठेवलेलं होतं.

हे कसं बसवतात ते शिकवणं हाच माझा धंदा आहे. मी एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला सुरुवातीलाच सामाजीकरणाचा धडा असतो. माणसाचं मूल चारचौघांसारखं वागायला कुठं शिकतं? उत्तर ठरलेलं आहे. आधी कुटुंब, मग शाळा, मग सोबती, मग बाकीचं जग. मी ते फळ्यावर लिहिते आणि मुलं उतरवून घेतात. कुटुंबाचा नंबर पहिला हे इतकी वर्षं लिहीत आले, आणि माझ्याच घरात शाळा कानामागून आली आणि तिखट झाली.

झालं असं, की नर्सरीचं वर्ष संपत आलं असताना शाळेच्या को-ऑर्डिनेटर मॅडमनी मला बोलावून घेतलं. मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाल्या. घरी कुठली भाषा बोलता?

“मराठी,” मी म्हणाले. “थोडी दखनी, थोडी तेलुगू.”

मी मुलीला घरी फिनेल पाजते असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “तरीच चाइल्ड कन्फ्यूज आहे, मॅडम. उद्यापासून घरात ओन्ली इंग्लिश. नाहीतर एलकेजीला घेणं डिफिकल्ट होईल.”

“माझ्या आईला इंग्लिश येत नाही.”

“मग त्यांनी थोडे दिवस कमी बोलावं,” त्या हसून म्हणाल्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या, तेच जास्त झोंबलं.

माझ्या आईनं, स्वतःच्या नातीशी, कमी बोलावं! मी त्या ऑफिसात इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर बतुकम्माच्या, इथल्या फुलांच्या सणाच्या दिवशीचे फोटो होते. पोरींना परकर-पोलकी घालून फुलांभोवती फिरवलं होतं, माझीही त्यात होती. याला शाळेत संस्कृती म्हणतात. त्याच पोरींपैकी एखादीनं दुसऱ्या दिवशी तेलुगूत पाणी मागितलं तर डोळे वटारतात. सणाचे कपडे चालतात, पण ते कपडे शिवणाऱ्या आजीची भाषा चालत नाही. मी तिथल्या तिथं सांगितलं की हे माझ्या घरात होणार नाही.

“तुम्ही तर एज्युकेटेड आहात, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला समजायला हवं.”

समजलं होतं म्हणूनच नाही म्हणत होते. पण घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगितलं तर त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “थोडे दिवस करून बघू या का? माझं इंग्लिश कच्चं होतं. पहिल्या नोकरीत मला मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची. सगळं येत असून मी मूग गिळून बसायचो. तिचं तसं नको व्हायला.” त्याची भीती खरी होती. ती त्याला अशाच कुणा शाळेनं दिली होती आणि तो ती आता मुलीला वारसा म्हणून देऊ बघत होता. हे मी त्याला मोठ्या आवाजात सांगितलं. तोही मोठ्यानं बोलला. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती.

दुसऱ्या दिवशी आईनं भाकरी कुस्करली, ताटली मुलीसमोर ठेवली आणि काहीच विचारलं नाही. मुलगी वाट पाहत बसली. मग तिनंच छातीवर हात मारला आणि म्हणाली, “मला!” आई खिडकीकडं बघत होती. मुलगी परत म्हणाली, “मला!” आईनं घास तिच्या तोंडात घातला.

“आई, विचार ना तिला,” मी म्हणाले.

“नक्को. माझ्यामुळं लेकराचं नुकसान नक्को.”

शाळेनं कमी बोलायला सांगितलं होतं, आईनं बोलणं बंदच केलं. असल्या बाबतीत आमच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. सांगणारा एक वीत मागतो आणि आम्ही हातभर देतो. तिनं नातीला हाक मारायचं सोडलं, अंघोळ घालताना बडबडायचं सोडलं. काही दिवसांत मुलीनंही छातीवर हात मारायचं सोडलं. आता ती खरोखरच बोलेनाशी झाली. शाळेचं म्हणणं शाळेनंच खरं करून दाखवलं.

मी मुलीला आधी कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कान उत्तम होते. मग बोलण्याचे दोष बघणाऱ्या एका बाईंकडं नेलं. आईलाही ओढत नेलं. त्या बाई तेलुगू होत्या. त्यांनी मुलीशी बराच वेळ जमिनीवर बसून खेळ केले आणि मग आम्हाला विचारलं, “ही सगळ्यात जास्त कुणाशी बोलायची?” मी आईकडं बोट दाखवलं आणि शाळेचा हुकूम सांगितला. “मग त्यांना गप्प का केलंत? ज्याला जी भाषा येते त्यानं तिच्याशी त्या भाषेत भरपूर बोला. तिची भाषा काढून घेऊ नका. मी तिला बघत राहीन, घेऊन येत जा.”

मला वाटलं, संपलं. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “डॉक्टरीन चांगली हाय. पन शाळेतली सीट काय ती देनार हाय का?”

“सीट गेली खड्ड्यात.”

“हौ, तुला म्हनायला काय? जावईबापूंचं काय म्हननं हाय?”

म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जिच्यापुढं मी हरले ती माझी आईच होती, शाळा नव्हे, आणि हे मला फार लागलं. मी वर्गात शंभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवू शकते, पण माझ्या आईला तिच्या नातीशी बोलायचा हक्क आहे हे तिला पटवू शकत नव्हते.

त्यानंतर एक दिवस मी कॉलेजातून लवकर घरी आले. दाराबाहेर चपला काढत होते तर आतून आईचा आवाज आला. मी खूश झाले. मग नीट ऐकलं. आई म्हणत होती, “कम. कम. सिट. ईट. नो! ईट. गुड गर्ल.”

मी तशीच उभी राहिले. हे शब्द, हा आवाज, ‘नो’वरचा तो जोर मी कुठंतरी रोज ऐकत होते. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि तिथले रिटायर्ड साहेब त्यांच्या पामेरियन कुत्रीला फिरवायला बाहेर निघाले. हे साहेब बायकोशी तेलुगूत बोलतात, भाजीवाल्याशी हिंदीत बोलतात आणि कुत्रीशी इंग्लिशमध्ये. आपल्याकडं कुत्र्यांचं माध्यम इंग्रजीच असतं. साहेब म्हणाले, “कम. कम. नो! सिट. गुड गर्ल.”

आईनं त्यांच्याकडून इंग्लिश शिकून घेतलं होतं. बाल्कनीत उभी राहून, तूर निवडता निवडता, कुणाला न विचारता.

मी आत गेले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, तोंड घट्ट मिटून. आईनं मोठ्या आशेनं माझ्याकडं पाहिलं. आपली लेक शाबासकी देईल असं तिला वाटलं असावं. आणि मी ओरडले, “आई, हे कुत्रीशी बोलतात तसं बोलतेयस तू तिच्याशी! समोरचे साहेब कुत्रीशी बोलतात तसं!”

आईनं ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, “मला वाटलं, शिकलेली मान्सं बारक्यांशी असंच बोलत्यात.”

त्या दिवशी ती जेवली नाही. मी बोलले ते खोटं नव्हतं, पण ऐकायला हवं होतं को-ऑर्डिनेटर मॅडमनी आणि ऐकलं माझ्या आईनं. संध्याकाळी तिनं लुगडी पिशवीत भरली. निजामाबादला माझा भाऊ राहतो. रविवारच्या बसनं त्याच्याकडं जाते, म्हणाली. कधी येणार, असं मी विचारलं तर म्हणाली, “लेकरू बोलायला लागलं की.” पिशवी दारामागं नेऊन ठेवली. नवरा काहीतरी सांगायला गेला तर तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “न्हाई जावईबापू, तुमचं काईच चुकलं न्हाई.” तो परत येऊन माझ्याशेजारी बसला. “मी असं म्हणालो नव्हतो,” एवढंच म्हणाला. त्याचं तोंड अगदी उतरलं होतं, आणि मला त्याची दया आली नाही.

नेमका त्याच शनिवारी शाळेत ग्रँडपेरेंट्स डे होता. ज्या आजी-आजोबांनी घरात तोंड बंद ठेवायचं, त्यांनी या दिवशी छान कपडे घालून यायचं, स्टेजवर चढायचं आणि माइकवर एक वाक्य इंग्लिशमध्ये बोलायचं. मी म्हणाले, कुणी जाणार नाही. आई म्हणाली, “जाते. आज्जी आली न्हाई म्हनून लेकराचं नाव खराब नक्को. एवढं करते आन् मग जाते.” तिनं नवऱ्याकडून वाक्य शिकून घेतलं. ‘आय अॅम प्राउड ऑफ माय ग्रँडचाइल्ड.’ दोन दिवस ती ते भांडी घासता घासता म्हणत होती. मी त्या दोन दिवसांत तिच्याशी फारसं बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर पुन्हा भांडणच झालं असतं.

हॉल भरला होता. मुलं पुढं सतरंजीवर बसली होती. माझी मुलगी पहिल्याच रांगेत, बुटाच्या पट्ट्याशी खेळत होती, वर बघत नव्हती. एक आजोबा स्टेजवर आले आणि एकाऐवजी दहा वाक्यं बोलून गेले. एक दादी आल्या, ‘थँक यू’ एवढंच म्हणून खुदकन हसल्या आणि खाली उतरल्या. मग आईचा नंबर आला. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. माइक तिनं चटका बसेल अशा बेतानं धरला.

“आय अॅम,” आई म्हणाली. पुढं काही येईना.

“प्राउड,” को-ऑर्डिनेटर मॅडम बाजूनं पुटपुटल्या. “प्राउड, आंटी, प्राउड.”

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग समोर सतरंजीवर पाहिलं, जिथं तिची नात मान खाली घालून बसली होती. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. लोक चुळबुळ करायला लागले. मला वाटलं, आता ही रडणार, आणि ती रडली असती तर मी त्या हॉलमध्ये काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

आई रडली नाही. तिनं माइक तोंडाजवळ आणला आणि नेहमीच्या आवाजात, बाजारात पुकारा करावा तशी, विचारलं, “भाकरी कुणाला?”

मुलीनं मान वर केली.

“भाकरी कुणाला गं माय?”

मुलगी उठून उभी राहिली. छातीवर हात मारला आणि ओरडली, “मला!”

“लोणी कुणाला?”

“मला!”

शेजारी बसलेल्या पोरांना मराठीचा म सुद्धा ठाऊक नव्हता. पण काहीतरी वाटलं जातंय आणि ते आपल्यालाही हवं एवढं त्यांना बरोब्बर कळलं. “गूळ कुणाला?” असं आईनं विचारलं तेव्हा अर्धी सतरंजी ओरडली, “मला! मला!” माझ्या शेजारी नवऱ्यानं सवयीनं हात अर्धा वर केला होता, पुढचं कारलं झेलायला. त्याचे डोळे भरून आले होते. पण कारलं आलंच नाही. को-ऑर्डिनेटर मॅडमनी टाळ्या वाजवत माइक काढून घेतला. “सो स्वीट, सो स्वीट,” म्हणाल्या आणि पुढच्या आजोबांना बोलावलं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आम्हाला दारातच गाठलं. मुलगी आईचं बोट धरून उभी होती. “व्हेरी नाइस, आंटी,” मॅडम हिंदीत सांगू लागल्या. शाळेत एक दिवस असं ठीक आहे, मुलांना मजा आली. पण घरी प्लीज ओन्ली इंग्लिश, मुलीच्या भल्यासाठीच सांगतेय. मग त्या माझ्याकडं वळल्या. “मॅडम, तुम्ही समजावा ना यांना.”

मी तयारच होते. किती दिवसांचं साचलं होतं माझ्या पोटात. कुटुंब, शाळा, संस्कृती, सगळे धडे घशाशी आले होते. मी तोंड उघडलं तोच आईनं तिचा हात माझ्या पुढ्यात आडवा धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

“मेरी नवासी है मॅडम,” आई म्हणाली. “कुत्ता नै. मैं घर में उससे बोलूंगी. रोज बोलूंगी. तुमे क्या करते सो करलेव.”

रोज, म्हणाली. निजामाबादची पिशवी दारामागं भरून ठेवलेली होती आणि आई रोज म्हणत होती. मला एकदम रडू आलं. जावईबापू मागं उभे होते, आणि तिनं मागं वळून त्यांना चालेल का असं विचारलं नाही.

ती निघाली. नातीचं बोट धरून, पदर खोचून, त्या चकचकीत कॉरिडॉरमधून सरळ फाटकाच्या दिशेनं. आम्ही मागं. अर्ध्या वाटेत ती थांबली, वाकली आणि राहिलेला प्रश्न खणखणीत आवाजात विचारला, “आन् कारलं कुणाला?”

मुलीनं आपल्या बाबाकडं पाहिलं. त्यानं हात वर केला. तिनं मान हलवली. मग ती मागं वळली, दारात उभ्या असलेल्या को-ऑर्डिनेटर मॅडमकडं बोट केलं आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली.

“मॅडमला!”